लॅपटॉपमधला दसरा

"रविवारी पाणी येणार की नाही, हे मी तुला शनिवारच्या आत सांगतो," असं एकनाथराव मोहोळकर बुधवारी सकाळी चहा पिता पिता बोलून गेले. बोलून गेल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि आपण काय बोललो याचा विचार केला. पण तोवर वच्छलाबाईंनी त्या वाक्याची पदराला गाठ मारली होती.

पाण्याचं असं आहे, की त्यांच्या कॉलनीत ते चार-पाच दिवसांतून एकदा येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी पाहुणे जेवायला बसल्यावर. आलं की तास-पाऊण तास राहतं, आणि तेवढ्यात हौद, टाकी, पिंप, कळश्या, झालंच तर डाळ शिजवायचं पातेलंसुद्धा भरून घ्यायचं असतं. त्यामुळं ज्या दिवशी पाण्याची शक्यता, त्या दिवशी घरातून हलायचं नाही, हा सोलापुरातल्या कुठल्याही शहाण्या संसाराचा पहिला नियम. या नियमापायी वच्छलाबाईंनी आजवर एक साखरपुडा, दोन बारशी आणि सख्ख्या भाच्याचं लग्न बुडवलं होतं. भाच्याच्या लग्नाच्या दिवशी तर पाणी आलंही नव्हतं.

आता येत्या रविवारी मंगळवेढ्याला त्यांच्या शाळेच्या खो-खो संघाचा मेळावा होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जिल्ह्यात पहिला आलेला संघ, आणि वच्छलाबाई त्याच्या कॅप्टन. बाकीच्या आठजणींपैकी सातजणी येणार होत्या, एक तर थेट नांदेडहून. पितृपंधरवड्यात कसला मेळावा, असं पुष्कळांनी विचारलं. पण त्या दिवसांत लग्नं नसतात, साखरपुडे नसतात, म्हणून शाळेचं मैदान आणि शेजारचं मंगल कार्यालय दोन्ही मोकळी मिळतात, असा त्यामागचा सरळ व्यवहार होता. "पाणी नसलं तर जाईन," असं वच्छलाबाई सगळ्यांना सांगत होत्या. सांगताना सूर असा, की गेलं काय नि न गेलं काय. पण त्या आठवड्यात त्यांनी फिरायला जायचे पांढरे बूट दोनदा धुतले, आणि अंगणात कुणी नाही असं बघून एकदा खाली उकिडवं बसून पटकन उठूनही पाहिलं. एकनाथरावांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. बुधवारचं ते वाक्य तिथूनच बाहेर पडलं होतं.

वाक्य अगदीच हवेतलं नव्हतं. मोहोळकरांच्या घरात पाण्याचे दोन विभाग होते. भरणं वच्छलाबाईंकडं, नोंद एकनाथरावांकडं. एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर आवक फक्त पाण्याची उरली, म्हणून सहा वर्षं प्रत्येक पाण्याची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि 'धार जोरदार', 'धार मध्यम', 'धार नावापुरती' असा शेरा त्यांनी डायरीत लिहून ठेवला होता. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, सईनं, उन्हाळ्यात त्या डायऱ्या चाळल्या आणि म्हणाली, "बाबा, एवढी माहिती आहे तर पायथनमध्ये प्रोग्राम लिहा की. पुढचं पाणी कधी येणार ते सांगेल." आपला जुना लॅपटॉप ती मागं ठेवून गेली आणि धड्यांचे व्हिडिओ फोनवर पाठवत राहिली. एकनाथरावांनी दोन बोटांनी सहा वर्षांचं पाणी लॅपटॉपमध्ये उतरवलं. तीस ओळींचा प्रोग्रामही वहीत लिहून झाला. सईनं तो फोनवर ऐकून पास केला. आता फक्त चालवायचा होता.

या 'फक्त'पासून माणसानं सावध राहावं. मुलीचं लग्न ठरलंय, आता फक्त करायचंय, असंही लोक म्हणतात.

चालवण्याआधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करून घ्या, असा सईचा निरोप होता. म्हणजे काय, तर या एका प्रोग्रामला लागणारं सामान एका वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्याचा बाकीच्या लॅपटॉपला धक्का नाही आणि लॅपटॉपचा त्याला नाही. एकनाथरावांना हे समजायला दीड दिवस आणि तीन व्हिडिओ लागले होते. त्यांनी ते वच्छलाबाईंना भाजी निवडताना समजावून सांगितलं.

"म्हणजे उपासाची भांडी," वच्छलाबाई म्हणाल्या. "साबुदाण्याची कढई वेगळी. तिला आमटीचा डाव लावायचा नाही."

एकनाथरावांना जरा लागलंच. दीड दिवसाचं ज्ञान असं मेथीच्या जुडीसोबत निवडून निघावं हे त्यांना बरं वाटलं नाही. पण व्याख्या बिनचूक होती, म्हणून त्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

बुधवारी दुपारी त्यांनी पायथन लॅपटॉपवर बसवलं. बसवताना खाली एक छोटा चौकोन होता, त्यात खूण करायची की नाही ते आपल्यावर होतं. एकनाथरावांचं नोकरीतलं तत्त्व असं, की अर्जात जो रकाना सक्तीचा नाही त्याला हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत त्यांनी पायथनला हाक मारली तर लॅपटॉप म्हणाला, असं इथं कुणी राहत नाही. पुन्हा मारली, तेच उत्तर. आत्ता डोळ्यांदेखत बसवलेलं पायथन नाहीच असं हा लॅपटॉप म्हणतो म्हणजे काय, या विचारानं त्यांनी बाहेर येऊन शेजारच्या शिवपुत्रला बोलावलं. शिवपुत्रचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जगातल्या प्रत्येक बिघाडाकडं तो पाणबुडी मोटार म्हणून बघतो, आणि वाईट असं की त्याचं बऱ्याचदा बरोबर निघतं.

"काका, मोटार सोडलिया खाली, पर बोर्डापातूर वायरच वढली न्हाय," शिवपुत्र सगळी हकीकत ऐकून पडद्याकडं बघत म्हणाला. "मग हितनं बटन दाबून काय उपेग? त्या चौकोनात काय लिवलंतं?"

चौकोनात तेच लिहिलं होतं, की पायथनचा पत्ता लॅपटॉपला कळवायचा का. पायथन पुन्हा काढून पुन्हा बसवलं, चौकोनात खूण केली, आणि आता हाक मारल्यावर पायथननं ओ दिली. एकनाथराव इतके हरखले की त्यांनी शिवपुत्रला चहा दिला, आणि तो गेल्यावर त्याला उगाच हाक मारली असंही वच्छलाबाईंना सांगितलं.

मग फोल्डर. चौतीस वर्षांत एकनाथरावांनी माथ्यावर श्री घातल्याशिवाय एक फाइल उघडली नव्हती. त्यांनी फोल्डरला नाव दिलं: '॥ श्री ॥ पाणी अंदाज प्रकल्प (प्रत क्र. १)'. फोटोत ते नाव वाचून सईनं ऑफिसातल्या मीटिंगमधून निरोप पाठवला, की बाबा, नावात श्री नको, दंड नकोत, कंस नकोत, मोकळी जागा नको; साध्या चार इंग्रजी अक्षरांत पाणी लिहा. चार अक्षरांत लिहिलेलं पाणी त्यांना कोरडं वाटलं. शेवटी त्यांनी एका चिठ्ठीवर श्री लिहून ती लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली. आत इंग्रजी आणि बाहेर श्री, असं एकदाचं दोघांचं समाधान झालं.

गुरुवारी वेगळी खोली बांधली. ती अर्ध्या मिनिटात बांधून झाली, यावर त्यांचा विश्वास बसेना. आता आत शिरायचं, म्हणजे सईच्या भाषेत ती खोली चालू करायची. त्यांनी आज्ञा दिली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. या यंत्रावर अशा आज्ञा चालवायला धोरणानुसार मनाई आहे, असा त्यांचा अर्थ होता.

एकनाथरावांच्या अंगावर रोमांच आले. महिनाभर या लॅपटॉपशी झुंजताना पहिल्यांदाच तो त्यांच्या ओळखीचं काहीतरी बोलला होता. ते तडक समोरच्या घरातून महिपती भाऊसाहेबांना घेऊन आले. भाऊसाहेब म्हणजे त्यांच्याच कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, आणि 'धोरण' हा शब्द निघाला की त्यांच्याइतका अधिकारी माणूस कॉलनीत दुसरा नाही.

"लॅपटॉप कुणाचा?" भाऊसाहेबांनी चष्मा लावत विचारलं.

"माझा. म्हणजे सईनं दिलेला."

"मग मनाईचं धोरण कुणी काढलं?"

"त्याचं त्यानंच."

"मोहोळकर, सरसकट मनाई अशी गोष्ट जगात नसते," भाऊसाहेब म्हणाले. "खाली कुठंतरी 'परंतु' असतोच. शोधा."

तो 'परंतु' सईच्या चौथ्या धड्यात सापडला. एक आज्ञा अशी होती, की ती दिल्यावर फक्त चालू वापरकर्त्यापुरती सूट मिळत होती. "वैयक्तिक बाब म्हणून," भाऊसाहेबांनी मान डोलावली. "याचा पायंडा पडणार नाही असंही लिहून टाका." तशी सोय नव्हती. एकनाथरावांनी आज्ञा दिली, लॅपटॉपनं खात्री आहे का विचारलं, त्यांनी होय म्हटलं, आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात त्या खोलीचं नाव आलं. म्हणजे आपण आत आलो. एकनाथरावांनी वच्छलाबाईंना पोळ्या लाटता लाटता बोलावून तो कंस दाखवला.

"मग कळणार का आता रविवारचं?" त्यांनी पिठाचे हात तसेच धरून विचारलं. डोळे कंसाकडं नव्हतेच, नवऱ्याकडं होते.

"कळणार. आता फक्त इंटरनेटवरून थोडं सामान आणायचं."

तेवढ्यात भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "एक विचारू? हे नवं काम तुम्ही पितृपंधरवड्यात सुरू केलंत?"

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच कालपासून सारखं अडतंय." पंधरवडा संपेपर्यंत थांबावं तर रविवार निघून जात होता. एकनाथराव स्वतः असल्या गोष्टी मानत नसत, पण बायकोचा उतरलेला चेहरा मात्र ते फार मानत.

"वहिनी, काळजी करू नका," भाऊसाहेब म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून बसले. "तारीख म्हणजे काय? कागदावर असते ती. एखाद्या विधवेचा अर्ज मुदतीनंतर दोन दिवसांनी यायचा. मोहोळकर, आपण तो परत पाठवला का कधी? मागच्या तारखेला आवक दाखवली. कुणाचं वाटोळं झालं? आता या लॅपटॉपला काय ठाऊक बाहेर पितृपक्ष आहे ते. तुम्ही सांगाल ती त्याची तारीख. चांगला साडेतीन मुहूर्तांपैकी एक दिवस टाका."

मुहूर्त सर्वानुमते ठरला. गेल्या वर्षीची विजयादशमी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं, विजय मुहूर्त. तारीख आपोआप घेण्याचं बटण एकनाथरावांनी बंद केलं आणि सराईत हातानं तारीख मागं नेली. चौतीस वर्षांची सवय, हात जराही कापला नाही. वच्छलाबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. भाऊसाहेबांनी आपल्या दारच्या आपट्याची दोन पानं आणून श्रीच्या चिठ्ठीशेजारी ठेवली, आणि तिघांनी एकमेकांना सोनं घ्या सोन्यासारखं राहा असं म्हणूनही टाकलं. मग एकनाथरावांनी सामान मागवायची आज्ञा दिली.

लाल अक्षरांचा नुसता लोंढा आला. एकनाथरावांनी पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा लोंढा. चष्मा पुसून ते वाचायला लागले. त्या गर्दीत दोन शब्द पुनःपुन्हा दिसत होते. एक सर्टिफिकेट आणि दुसरा फेल.

"दाखला मागतोय," भाऊसाहेब म्हणाले. "पेन्शनर आहात. हयातीचा असेल."

शुक्रवारी सकाळी एकनाथराव खरोखरच चौकातल्या दाखल्यांच्या केंद्रात जाऊन आले. तिथल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठला? उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा?" एकनाथराव म्हणाले, "पायथनचा." बाईंनी क्षणभर यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तो हितं न्हाय मिळत. पुढच्या चौकात इचारा." पुढच्या चौकातही ते गेले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

परत येईपर्यंत शिवपुत्र दारात उभा होता. सामान बाहेरून यायचंय आणि येत नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. "काका, ह्यो दाखल्याबिखल्याचा लफडा न्हाय. लाइनीत हवा हाय. खांबावरनं केबल आलीया न्हवं, तितं जोड ढिला असतोय." नको नको म्हणेपर्यंत तो पक्कड घेऊन गच्चीवर चढला. त्यानं जोड घट्ट केला. इतका घट्ट केला, की मोहोळकरांसकट सबंध गल्लीचं इंटरनेट बंद पडलं.

त्यानंतर दुपारभर एकनाथरावांच्या दारात माणसं येत राहिली. कुणाचं ऑफिसचं काम अडलं होतं, कुणाची मॅच. सगळ्यात शेवटी भिंतीपलीकडच्या काशम्मा आल्या. त्यांची कानडी मालिका ऐन सासूच्या कारस्थानावर थांबली होती. पण त्या रागवायला आल्या नव्हत्या, सल्ला द्यायला आल्या होत्या, आणि तो जास्त अवघड प्रकार असतो.

"अय्यो रावसाब, वेगळी खोली काढलंव म्हनं तुमी त्या कंपुटरात," त्या म्हणाल्या. "आमच्यात नव्या घरात आदी दूद उतू घालतेत बगा. तुमी घातलंव का?"

एकनाथरावांनी शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं, की ही खोली तशी नाही. काशम्मा मान हलवत गेल्या. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून करपलेल्या दुधाचा वास आला. एकनाथराव आत गेले तर वच्छलाबाई ओटा पुसत होत्या आणि नवऱ्याकडं बघत नव्हत्या.

जन्मात कधी दूध उतू जाऊ न दिलेल्या बाईनं रविवारसाठी दूध उतू घातलं होतं. मंगळवेढ्याला जायची या बाईला किती असोशी आहे, हे त्यांना त्या वासातून कळलं. आपण नुसता शब्द दिला नाही, हिला आशेला लावलं, असं वाटून त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

शनिवारी सकाळी केबलवाल्यानं गल्लीचं इंटरनेट परत जोडलं. नऊ वाजता मंगळवेढ्याहून फोन आला, जेवायला किती पानं धरायची ते आज दुपारपर्यंत सांगा. "कळवते," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांची पिशवी कॉटवर अर्धी भरून पडली होती. बूट, टॉवेल, आणि मैत्रिणींसाठी शेंगाचटणीच्या सात पुड्या. सव्वानऊला सईचा फोन आला. आठवडाभराचं तिचं ऑफिसचं काम संपलं होतं आणि आता दिवस बाबांसाठी मोकळा होता.

पुढचा दीड तास बापलेक त्या खोलीशी झुंजले. सई सांगेल तसं एकनाथरावांनी ती पाडली, पुन्हा बांधली, पुन्हा पाडली. पायथन तिसऱ्यांदा बसवलं. प्रत्येक वेळी कंस यायचा, आणि सामान मागितलं की लाल लोंढा. ऐकायला शिवपुत्र, भाऊसाहेब आणि काशम्मा तिघंही येऊन बसले होते.

"बाबा, ती लाल ओळ शेवटपर्यंत वाचा. अर्धी नको," सई म्हणाली.

एकनाथरावांनी एकेक शब्द वाचला. शेवटी होतं, की दाखला अजून लागू झालेला नाही.

"अजून?" सई थांबली. "म्हणजे त्या साइटचा दाखला पुढच्या तारखेपासून लागू होतो असं तुमच्या लॅपटॉपला वाटतंय. बाबा, तुमच्या लॅपटॉपवर आज तारीख काय आहे?"

एकनाथरावांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब आपट्याच्या पानाकडं बघत होते.

"दसरा," एकनाथराव म्हणाले.

"काय?"

"विजयादशमी. म्हणजे, आता द्वादशी लागली असेल."

"दसरा अजून यायचाय, बाबा."

"गेल्या वर्षीचा."

फोनमधून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज आला. मग तिनं समजावलं, की सामान देणारी साइट आधी स्वतःची ओळख पटवते, त्या ओळखपत्राला तारखा असतात, आणि गेल्या दसऱ्याला ते ओळखपत्र निघालेलंच नव्हतं. "ऑडिटला सापडलं," भाऊसाहेब खोल आवाजात म्हणाले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांची मागची तारीख पहिल्यांदाच पकडली गेली होती, आणि पकडणाऱ्याबद्दल त्यांना आदरच वाटला.

"पण मग खरी तारीख लावली तर पितृपक्षच की," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

"मग काय झालं?" काशम्मा म्हणाल्या. "तुमच्यात ह्या पंदरा दिसांत काय देतेत? पानीच देतेत की पितरास्नी. रावसाब पानीच तर हुडकायलेत. ह्याच्यापरीस चांगला म्हूर्त कुटला?"

यावर भाऊसाहेबांनीसुद्धा मान डोलावली. एकनाथरावांनी तारीख आजची केली. खरी तारीख घालायचीच सवय कमी, म्हणून ती दोनदा तपासली. आज्ञा दिली, आणि लाल काही उमटायच्या ऐवजी एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडं भरत निघाली. एक भरली, दुसरी सुरू झाली, मग तिसरी. "वडतंय, वडतंय," शिवपुत्र उभा राहिला. सामान आलं. यशस्वी, असं शेवटच्या ओळीत आलं आणि एकनाथरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत टाळ्या वाजवल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आपण असं काही करू शकतो, याचा त्यांना फार आनंद झाला होता. त्यांनी तो लपवलाही नाही. मग सगळ्यांच्या देखत प्रोग्राम चालवला.

एकच ओळ उमटली. 'पुढील पाणी: रविवार, सकाळी ११:४०.'

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. सहा वर्षांची नोंद, महिनाभराचं दोन बोटांचं टंकलेखन, चार दिवसांचा रणसंग्राम, आणि त्यातून बाहेर काय पडलं, तर नेमका रविवार. शिवपुत्र आणि काशम्मा एकमेकांकडं न बघता घरी गेले. भाऊसाहेब चप्पल शोधू लागले. सईनंही नंतर करते म्हणून फोन ठेवला.

"सोमवार करता येईल," एकनाथराव खाली मान घालून म्हणाले. "एका ओळीत थोडा बदल केला की सोमवार येतो."

"आणि पाणी?"

"ते रविवारीच येईल. पण तू तोवर गेलेली असशील."

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्यासाठी खोटी नोंद करायची तयारी दाखवली, असं याआधी झालं नव्हतं. त्या पडद्यापाशी आल्या आणि ती ओळ त्यांनी स्वतः वाचली.

"रविवारच राहू दे," त्या म्हणाल्या. "अकरा चाळीस म्हणतोय ना? मग बरंच झालं, वेळसुद्धा कळली. पाणी तुम्ही भरा."

"मी?"

"हो. मी सातच्या एसटीनं जाते."

हा मार्ग एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकालाही सुचला नव्हता, हे मोठं नवल. वच्छलाबाईंनी मंगळवेढ्याला फोन लावून माझं पान धरा म्हणून सांगितलं, आणि तो फोन त्यांनी एका हातानं पिशवी भरत भरत केला.

रविवारी त्या पांढरे बूट घालून सातच्या गाडीनं गेल्या. एकनाथरावांना त्यांची उणीव भासायला वेळच नव्हता. साडेअकरालाच ते दारातल्या नळापाशी खुर्ची टाकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. गल्लीत बातमी फुटली होती. भाऊसाहेब रेडिओशी जुळवलेलं घड्याळ घेऊन साक्षीदार म्हणून आले. अकरा चाळीस झाले. काही नाही. अकरा एक्केचाळीस. एकनाथरावांनी नळ उघडा आहे ना ते पुन्हा पाहिलं. अकरा बेचाळीसला नळानं आधी फुस्स केलं, मग दोनदा खोकला, आणि धार लागली.

"अकरा बेचाळीस," भाऊसाहेबांनी जाहीर केलं. "फरक दोन मिनिटं. शेरा, धार जोरदार."

एकनाथराव अक्षरशः नाचले. त्यांनी डायरीत नोंद केली, लॅपटॉपमध्ये नोंद केली, पडद्याचा फोटो, नळाचा फोटो, दोन्हींचा मिळून एक फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. सईला फोन लावून धारेचा आवाज ऐकवला. गल्लीतली माणसं येऊन हात मिळवून गेली. एकानं आपल्या मेहुण्याच्या कॉलनीचं पाणी बघून द्याल का विचारलं, तेव्हा एकनाथरावांनी आधी डायऱ्या घेऊन या म्हणून सांगितलं. भाऊसाहेब घरापुढच्या ओट्यावर उभं राहून चार शब्द बोलले, त्यात त्यांनी आवक-जावक विभागाचा गौरवानं उल्लेख केला. ही सगळी गडबड साडेबारापर्यंत चालली. मग माणसं पांगली, आणि बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून एकनाथराव पाणी प्यायला आत गेले.

माठ रिकामा होता. त्यांनी ओट्यावरचा नळ सोडला. नळातून हवा आली. पाणी टाकीत चढवणाऱ्या मोटारीचं बटण भिंतीवर होतं, आणि ते काल होतं तसंच बंद होतं. ते धावत दारातल्या नळाकडं गेले. धार केव्हाच गेली होती आणि त्याच्याखाली पालथी पडलेली बादली कोरडी होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आलं का हो पाणी?" वच्छलाबाईंना धाप लागली होती. मागं बायकांचा नुसता कल्ला चालला होता. एवढा मोकळा, एवढा तरुण आवाज एकनाथरावांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "मी आत्ता दोघींना बाद केलं. नांदेडची पडली, पण लागलं नाही. सांगा की, आलं का?"

"आलं. अकरा बेचाळीसला. फक्त दोन मिनिटांचा फरक."

"बाई गं. म्हणजे जमलं की तुम्हाला." त्या खरोखरच खुलल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "टाकी भरली ना?"

एकनाथरावांनी पालथी बादली सुलटी केली, आणि तिचा रिकामा खणखणाट फोनमधून गेला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला त्यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

"बरं," शेवटी वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमच्या प्रोग्रामला विचारा, पुढचं पाणी कधी."

एकनाथरावांनी लॅपटॉप उघडला. हा प्रश्न विचारला गेला याचा त्यांना अशाही परिस्थितीत आनंद झाला. ओळ लगेच उमटली. "शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं," त्यांनी वाचून दाखवलं.

"नक्की ना?"

"दोन मिनिटं इकडंतिकडं."

"मग मी शनिवारी येते," असं म्हणून वच्छलाबाईंनी फोन ठेवला.